आधी खेळ, मग इंजिन

सुरुवातीलाच एक कबुली. माझी दहावीपर्यंतची शाळा कॉन्व्हेंट. मराठी म्हणजे घरी आईशी बोलायची आणि शाळेत एका तासापुरती. त्यामुळे मासिकाच्या मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी सरळ नाही म्हणून टाकलं. पण संपादक मंडळातली ताई चिवट निघाली. म्हणाली, "तू मेसमध्ये जेवताना ज्युनिअर्सना जे लेक्चर देतेस ना, तेच लिही. शुद्धलेखन मी बघते." तेव्हा चुका सापडल्याच तर अर्ध्या तिच्या खात्यावर टाका.

आता ते लेक्चर कसलं? तर फर्स्ट इयरच्या मुली ताट घेऊन शेजारी येऊन बसतात आणि विचारतात, "ताई, गेम बनवायचाय. युनिटी शिकू की अनरियल? आणि सी प्लस प्लस आल्याशिवाय गेम बनतच नाही म्हणतात, खरं का?"

हाच प्रश्न सेकंड इयरला आम्हीही विचारला होता आणि त्याचं उत्तर चुकीच्या टोकाकडून शोधलं होतं. त्यात आमचं एक अख्खं सेमिस्टर गेलं आणि एक मैत्रीण जवळजवळ गेली होती. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेखप्रपंच.

एक सेमिस्टर, तीन इंजिनं

मिनी प्रोजेक्टला आम्ही चौघं होतो. मी, माझी रूममेट (लातूरची, म्हणून सगळ्या तिला लातूरकर म्हणतात) आणि बॉईज हॉस्टेलची दोन मुलं. गेम करायचा हे पहिल्याच मीटिंगमध्ये ठरलं. कोणता गेम, हे मात्र कुणीच विचारलं नाही. सगळी चर्चा इंजिनावर.

जुलैमध्ये अनरियल घेतलं, कारण त्याचे ट्रेलर भारी दिसतात. हॉस्टेलच्या वाय-फायवर तीन रात्री डाउनलोड चाललं. माझ्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. इंजिन उघडलं की पंखा असा फिरायचा की लातूरकर म्हणायची, "बंद कर, नाहीतर विमान उडेल." ऑगस्टमध्ये युनिटीवर आलो. तिथे ट्युटोरियल बघण्यातच महिना गेला. प्रत्येक जण वेगळं ट्युटोरियल बघायचा आणि प्रत्येकाच्या मशीनवर वेगळी व्हर्जन. सप्टेंबरमध्ये लातूरकर म्हणाली, "आपण इंजिनिअर आहोत ना? मग आपलंच इंजिन बनवू, सी प्लस प्लसमध्ये." आम्हा तिघांनाही ते ऐकून स्फुरण चढलं. कामाला मात्र ती एकटीच लागली. तीन आठवडे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागायची.

रिव्ह्यूच्या दिवशी आमच्याकडे काय होतं? काळ्या खिडकीत एक लाल चौकोन. बाण दाबला की सरकायचा. सरांनी शांतपणे विचारलं, "इंजिन ठीक आहे. खेळ कुठाय?"

आणि मी पटकन बोलून गेले, "सर, इंजिनाची आयडिया हिची होती."

मार्क कमी पडले त्याचं काही नाही. पण त्या दिवसापासून दोन पलंगांच्या मध्ये चार फुटांचं अंतर असून लातूरकर माझ्याशी महिनाभर बोलली नाही. बरोबरच होतं तिचं. चूक चौघांची होती, मी ती एकीच्या नावावर टाकली.

इंजिन म्हणजे नक्की काय?

सुट्टीत मी पहिल्यांदा शांतपणे हा प्रश्न स्वतःला विचारला. 'गेम इंजिन' हा शब्द रुळला १९९०च्या दशकाच्या मध्यात, १९९३ साली आलेल्या 'डूम' या गेमच्या आसपास. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं, की गेमचे दोन भाग करता येतात. एक भाग प्रत्येक गेमला लागतोच: चित्र पडद्यावर काढणं, आवाज वाजवणं, बटण दाबलेलं ओळखणं, दोन वस्तू आपटल्या का हे बघणं. दुसरा भाग फक्त त्या एका गेमचा: नकाशे, राक्षस, नियम, गोष्ट. पहिला भाग वेगळा काढला की तो पुन्हा पुन्हा वापरता येतो. तेच इंजिन. आपल्या मेसचं बघा ना. गॅस, पातेली आणि पोळपाट रोज तेच, भाजी मात्र रोज वेगळी. (निदान टाइमटेबलवर तरी!)

या इंजिनाचं हृदय म्हणजे एक लूप. खेळाडूने काय दाबलं ते वाच, जगाची स्थिती बदल, चित्र काढ, आणि पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाला ६० वेळा हे करायचं तर एका फेरीला मिळतात १००० भागिले ६०, म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात सगळं उरकलं नाही तर गेम अडखळतो.

इथेच नवशिक्यांची पहिली चूक होते. आमच्या लाल चौकोनाला आम्ही सांगितलं होतं, 'प्रत्येक फेरीला ५ पिक्सेल सरक.' लॅबच्या पीसीवर ६० फेऱ्या व्हायच्या, म्हणजे सेकंदाला ३०० पिक्सेल. माझ्या लॅपटॉपवर ३० फेऱ्या, म्हणजे १५०. एकच गेम, दोन मशीनवर दोन वेग! उपाय फिजिक्समध्ये आठवीतच शिकवलेला आहे: अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ. मागच्या फेरीपासून किती वेळ गेला ते मोजायचं आणि वेगाला त्याने गुणायचं. या वेळेला 'डेल्टा टाइम' म्हणतात. कोणतंही इंजिन घ्या, कोणतीही भाषा घ्या, हे सगळीकडे तेच राहतं. सांगायचा मुद्दा असा, की शिकण्यासारखं बरंचसं इंजिनाच्या नावावर अवलंबून नसतंच.

भाषेचा बागुलबुवा

आता भाषा. सी प्लस प्लसचा दबदबा उगाच नाही. त्यात मेमरी आपण स्वतः सांभाळतो. सी शार्प किंवा जावामध्ये नको असलेली मेमरी गोळा करणारा 'गार्बेज कलेक्टर' असतो. तो नेमका खेळाच्या मध्येच झाडू मारायला आला तर आपल्या १६.७ मिलिसेकंदांचा बोऱ्या वाजू शकतो. म्हणून मोठमोठे थ्रीडी गेम सी प्लस प्लसमध्ये लिहितात.

पण 'त्याशिवाय गेम बनतच नाही' ही शुद्ध अफवा आहे. 'माइनक्राफ्ट' २००९ मध्ये लोकांसमोर आला तो जावामध्ये लिहिलेला होता. (त्याची फोन आणि कन्सोलवरची 'बेडरॉक' आवृत्ती मात्र सी प्लस प्लसमध्ये आहे.) २०१६चा 'स्टारड्यू व्हॅली' एरिक बॅरोन या एकाच माणसाने सी शार्पमध्ये लिहिला. त्याला चार वर्षांहून जास्त लागली, हेही लक्षात ठेवा. २०२४ मध्ये गाजलेला पत्त्यांचा गेम 'बलात्रो' लुआ भाषेत, 'लव्ह' नावाच्या छोट्या फ्रेमवर्कवर बनलाय. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' सुरुवातीला जावास्क्रिप्टमध्ये 'फेझर'वर होता आणि लोकांना आवडल्यावर २०२३ मध्ये युनिटीवर नेला. आणि दुसरं टोक ऐकायचंय? १९९९चा 'रोलरकोस्टर टायकून' ख्रिस सॉयरने जवळजवळ पूर्ण असेंब्लीमध्ये लिहिला. आपल्याला मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलला दोन आकड्यांची बेरीज करताना घाम फुटतो!

थोडक्यात काय, भाषा सहसा वेगळी निवडावी लागत नाही. इंजिन निवडलं की भाषा त्याच्या पाठोपाठ येते. व्हेरिएबल, लूप, क्लास आणि थोडे व्हेक्टर, एवढं एका भाषेत पक्कं असलं की दुसरीत जायला काही आठवडे पुरतात.

बाजारात काय काय आहे?

युनिटी: २००५ साली आलं, सुरुवातीला फक्त मॅकसाठी. भाषा सी शार्प. टूडी, थ्रीडी, मोबाईल सगळ्याला चालतं. शिकायला साहित्य भरपूर, हा मोठा फायदा. आमच्या अनुभवात तोच तोटाही ठरला, कारण बघण्यातच वेळ जातो.

अनरियल: १९९८ च्या 'अनरियल' याच नावाच्या गेममधून आलं. पाचवी आवृत्ती एप्रिल २०२२ ची. भाषा सी प्लस प्लस, शिवाय 'ब्लूप्रिंट' म्हणजे चौकोन आणि तारा जोडून प्रोग्राम करायची सोय. भव्य थ्रीडी करायचं असेल तर याला तोड नाही, पण मशीन दणकट हवं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला 'राजी' हा गेम अनरियलच्या चौथ्या आवृत्तीवर बनला. तेव्हा हे काम फक्त परदेशातच होतं असं समजू नका.

गोडो: हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मान्सूर या अर्जेंटिनाच्या दोघांनी बनवलेलं, २०१४ पासून ओपन सोर्स. डाउनलोड अनरियलच्या तुलनेत अगदीच चिमुकलं, जुन्या मशीनवरही चालतं. त्याची स्वतःची 'जीडीस्क्रिप्ट' ही भाषा पायथनसारखी दिसते, आणि सी शार्पही वापरता येतं. मोठ्या थ्रीडीत मात्र ते अनरियलच्या पंगतीला बसत नाही.

पायगेम, लव्ह, फेझर: ही पूर्ण इंजिनं नाहीत, फ्रेमवर्क आहेत. चित्र, आवाज आणि बटणं ती सांभाळतात, बाकीचं तुम्ही लिहायचं. लूप आतून कसा चालतो हे समजून घ्यायला उत्तम. पायथन आपल्या सिलॅबसमध्ये आहेच, त्यामुळे पायगेमने सुरुवात सोपी जाते. पण तो गेम फोनवर न्यायला बरीच खटपट पडते.

करार वाचा, मग सही करा

हा भाग कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. 'फुकट' हा शब्द तीन इंजिनांत तीन अर्थांनी येतो. गोडोला एमआयटी लायसन्स आहे, म्हणजे कमाई झाली तरी इंजिनाचे पैसे नाहीत. अनरियल वापरायला फुकट, पण एका गेमची एकूण कमाई १० लाख डॉलरच्या वर गेली की वरच्या रकमेवर साधारण ५ टक्के रॉयल्टी. युनिटीची पर्सनल आवृत्ती ठरावीक कमाईपर्यंत फुकट. ती मर्यादा २०२४ मध्ये १ लाखावरून वर्षाला २ लाख डॉलर झाली.

सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने अचानक जाहीर केलं, की जानेवारी २०२४ पासून ठरावीक मर्यादेपुढे गेम जितक्यांदा इन्स्टॉल होईल तितक्यांदा फी लागेल. एकच बोंबाबोंब झाली. ज्यांनी चार-पाच वर्षं त्या इंजिनावर घालवली होती त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. दहा दिवसांत कंपनीला नियम सौम्य करावे लागले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती फी रद्दच झाली. आपल्या मिनी प्रोजेक्टला यातलं काहीच लागू होत नाही हे खरं. पण भाड्याच्या घरात राहताना घरमालकाचे नियम बदलू शकतात, हे माहीत असलेलं बरं. रूल बुक न वाचता आपण हॉस्टेलला सही केली, त्याचं फळ रात्री नऊला गेट बंद झाल्यावर कळलंच की!

चार प्रश्न

पुढच्या सेमिस्टरला आम्ही पुन्हा गेमच घ्यायचा ठरवलं. सर म्हणाले, "विचार करा." या वेळी मी एका कागदावर चार प्रश्न लिहिले.

पहिला: खेळ कोणता? एका वाक्यात सांगा. जमत नसेल तर इंजिन उघडूच नका.

दुसरा: तो कोणत्या मशीनवर बनणार, आणि कोणत्या मशीनवर खेळला जाणार? स्वप्नातल्या नाही, हातातल्या.

तिसरा: माणसं किती, दिवस किती?

चौथा: यातून शेवटी काय हवंय? नोकरी हवी असेल तर ज्या कंपन्यांत जायचंय त्यांच्या जाहिराती उघडून बघा, त्या जे इंजिन मागतात ते शिका. आतलं यंत्र समजून घ्यायचं असेल तर फ्रेमवर्क घ्या किंवा स्वतःचं इंजिन लिहा. आणि खेळ पूर्ण करायचा असेल तर सगळ्यात कमी अडवणारं इंजिन घ्या.

तो कागद मी लातूरकरच्या टेबलावर ठेवला आणि खाली सॉरी लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या प्रश्नासमोर तिच्या अक्षरात उत्तर होतं: 'विटी-दांडू. विटी उडव, हवेत असताना टोला मार, जितके दांडू लांब तितके गुण.' सॉरीबद्दल काही नव्हतं.

पुढची उत्तरं मग आपोआप आली. बनवायला साधे लॅपटॉप, खेळायला स्वस्तातला अँड्रॉइड फोन. माणसं चार, आठवडे आठ. हवंय काय, तर पूर्ण झालेला खेळ. टूडी, हलकं, फोनवर जाणारं म्हणून गोडो. दहा मिनिटांत ठरलं. आदल्या सेमिस्टरला याच निर्णयात तीन महिने गेले होते.

विटी, दांडू आणि मावशी

तिसऱ्या आठवड्यात खेळ फोनवर चालायला लागला. आम्हाला तो फारच सोपा वाटत होता. मग तो पोळ्या लाटणाऱ्या मावशींच्या हातात दिला. मावशींनी लहानपणी खरा विटी-दांडू खेळलेला. दोन-तीनदा प्रयत्न केला आणि म्हणाल्या, "अगं पोरी, मी दांडू उचलेस्तोवर तुझी विटी खाली!"

हिशोब केला. विटी सेकंदाला ५ मीटर वेगाने वर जायची, गुरुत्वाकर्षण खरं, ९.८. म्हणजे हवेत साधारण १ सेकंद आणि उंची सव्वा मीटर. नुसतं गुरुत्वाकर्षण अर्धं केलं तर वेळ दुप्पट होते, पण उंचीही दुप्पट होऊन विटी स्क्रीनच्या बाहेर जाते. मग गुरुत्वाकर्षण ४.९ आणि वेग ३.५ केला. उंची तीच सव्वा मीटर, वेळ मात्र १.४ सेकंद. मावशींचा टोला बसला! मेकॅनिक्सच्या पेपरात जे सूत्र मी रट्टा मारून लिहिलं होतं, ते मला त्या दिवशी पोळपाटाशेजारी कळलं.

एक दुखणं राहिलं होतं. कधीकधी दांडू विटीच्या आरपार जायचा आणि टोला लागायचाच नाही. मी दोन दिवस डोकं आपटलं. शेवटी लातूरकर मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "दांडूच्या टोकाचा वेग किती?" सेकंदाला १५ मीटर. "म्हणजे एका फेरीत २५ सेंटिमीटर. विटी ३ सेंटिमीटर जाड. एका फेरीत दांडू विटीच्या अलीकडे, पुढच्या फेरीत पलीकडे. मध्ये काय झालं ते इंजिनाने बघितलंच नाही. माझ्या लाल चौकोनालाही हाच रोग होता." मागची जागा आणि आताची जागा यांच्यामधला सगळा पट्टा तपासायचा कोड तिने तासाभरात लिहिला.

तेव्हा मला कळलं, तिचे ते तीन आठवडे वाया गेलेच नव्हते. स्वतःचं इंजिन लिहिणं चूक नाही. आम्ही गेम दाखवायचं कबूल केलं आणि इंजिन लिहीत बसलो, ती चूक होती. हे मी तिला बोलून दाखवलं. या वेळी सॉरी कागदावर नाही, तोंडाने म्हटलं. ती म्हणाली, "रिव्ह्यूला सरांसमोर पण म्हण." म्हटलं.

एप्रिलमध्ये एक्स्टर्नल सरांनी ओरलला दोनच प्रश्न विचारले आणि मग दहा मिनिटं विटी-दांडूच खेळत बसले. आदल्या सेमिस्टरचे मार्क काही परत आले नाहीत. ते मार्कशीटवर आहेत तसेच आहेत.

तर मग, करायचं काय?

ज्यांना आजच सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी हा आठवड्याचा कार्यक्रम. पहिल्या दिवशी ते चार प्रश्न. दुसऱ्या दिवशी इंजिन उतरवा आणि पडद्यावर एक चौकोन हलवा, डेल्टा टाइमने. तिसऱ्या दिवशी एक नियम: कशाने गुण मिळतात? चौथ्या दिवशी दुसरा नियम: कशाने हरतो? पाचव्या दिवशी आवाज आणि 'पुन्हा खेळा'चं बटण. सहाव्या दिवशी ज्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही अशा माणसाच्या हातात द्या आणि गप्प बसून बघा. सातव्या दिवशी त्याने दाखवलेल्या चुका सुधारा. गेम ओबडधोबडच होईल, पण पूर्ण होईल. 'सेलेस्ट' हा २०१८ चा गाजलेला गेमसुद्धा आधी चार दिवसांत केलेला एक छोटा खेळ होता.

आणि मध्येच इंजिन बदलायची खुमखुमी आली तर एकच करा. हातात आहे त्यात काय अडतंय ते एका ओळीत लिहा. नेमकं लिहिता आलं तर खुशाल बदला. नाही आलं, तर अडचण इंजिनात नाही, आपल्यात आहे असं समजा आणि कामाला लागा.

विटी-दांडू माझ्या फोनमध्ये आहे. ज्यांना खेळायचाय त्यांनी रूमवर यावं. सध्याचा रेकॉर्ड ६४ दांडूंचा आहे आणि तो आमच्या चौघांपैकी कुणाचाही नाही, पोळ्यांवाल्या मावशींचा आहे.